गाबोळीचा मासा आणि गळाचा परवाना

काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकावर, मला आयुष्यातला सगळ्यात मोठा चोणक लागला. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच. पाऊस नुकता सुरू झाला होता, खाडीचं पाणी गढूळलं होतं आणि ओहोटीने ओढ धरली होती. वीस मिनिटांच्या ओढाताणीनंतर मासा वाळूवर आला, तेव्हा उभा धरला तर माझ्या कमरेच्या वर जात होता. फोटो झाले, चार जणांनी पाठ थोपटली. घरी काकीने त्याचं पोट चिरलं आणि आतून गाबोळीच्या, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या, दोन जाडजूड पट्ट्या निघाल्या. मी खूश. तळलेल्या गाबोळीचा आनंद कोकणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. काका मात्र ओसरीवरून उठून आले, पट्ट्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, आठवडोभर थांबलो असतस तर काय बिघाडला असता?"

काकांनी जन्मभर गरी टाकली. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, आमिषाला कोळंबी किंवा बोयटाचा तुकडा. त्यांनी मारलेले मासे मी कधी मोजले नाहीत, पण पहिल्या पावसात ते खाडीच्या मुखाकडे फिरकत नसत एवढं आठवतं. कारण विचारलं तर म्हणत, "असोच." त्या "असोच"मागे काय होतं, ते मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं.

चोणक आयुष्याची पहिली काही वर्षं नर म्हणून काढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभर लांबीच्या आसपास पोचलेला चोणक जवळजवळ हमखास मादीच असतो. ती पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी, खारं पाणी जिथे हाताशी असतं तिथे अंडी सोडते, आणि अशा एका मोठ्या मादीची अंडी कोटींत मोजावी लागतात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत आणि खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाडीकाठच्या जमिनीत, शिरतात. पेण-अलिबागकडच्या लोकांची खाजणातल्या जिताड्याबद्दलची सगळी मिजास या पिल्लांच्या प्रवासावर उभी आहे. गोबऱ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या हेकरूचं, गणित उलटं. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो: ज्या मोठ्या माशाबरोबर फोटो काढायला आम्ही छंदी लोक हपापलेले असतो, त्याच्यावाचून बाकीच्या माशांचं अडतं. जाळं लहानमोठं सगळं ओढतं. आम्ही वीतभर लांबीचं ल्यूर, म्हणजे नकली आमिष, लावून मुद्दाम थोराड माशाच्या मागे लागतो. वजनाने आमची मासेमारी किरकोळ असेल, पण ती नेमकी कुठे लागते ते बघायला हवं.

तेव्हा आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. समुद्रात आणि खाडीत छंद म्हणून गळ टाकणाऱ्या प्रत्येकाची सरकारदरबारी नोंद असावी, त्याने दिवसाला किती आणि केवढे मासे न्यावेत याला बंधन असावं, आणि त्याने मासा विकू नये. जो पोटासाठी गरी टाकतो, त्याला यातलं काहीही लागू नसावं. हे बोललं की माझे गळवाले मित्र चिडतात आणि रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, मित्र हसतात. दोघांचीही कारणं ऐकण्यासारखी आहेत.

आज आपल्याकडे यातलं काय आहे? महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. त्याचा जीव नौकेत आहे. परवाना नौकेला, नोंदणी नौकेची, जप्ती नौकेची, बंदीही नौकेला. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिकी नौकांनी समुद्रात जायचं नाही. बिगरयांत्रिकी पारंपरिक होड्यांना त्यातून सूट. २०२१मध्ये कायदा कडक झाला आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्याला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आली. २०२३मध्ये ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले गेले: पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान नको. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मानही मिळाला. या सगळ्याचं स्वागतच आहे. पण खडकावर उभा राहून, दहा-पंधरा हजारांचा रॉड घेऊन गळ फेकणारा माणूस या रचनेत कुठेच दिसत नाही. त्याच्या पायाखाली नौकाच नाही, मग धरणार काय?

तो मोजणीतही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी किनाऱ्यावरच्या मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर जाऊन नमुने घेतात आणि त्यावरून राज्याची वर्षाची मासळी काढतात. पद्धत चांगली आहे, देशभर तीच चालते. पण मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवरून किंवा वांद्र्याच्या खडकांवरून पिशवीत गेलेला मासा कोणत्याच बंदरावर उतरत नाही. तो थेट दुचाकीच्या डिकीत जातो. राज्यात असे किती लोक गळ टाकतात, महिन्यातून किती वेळा टाकतात, काय नेतात, याचा आकडा कोणाकडे असलाच तर तो अंदाज आहे. माझ्या लहानपणी आमच्या टोकावर रविवारी दोघं-तिघं दिसायचे, तेही गावातलेच. आता लाँग वीकेंडला पुण्या-मुंबईच्या आणि बेळगाव-कोल्हापूरच्या गाड्या उभ्या असतात, आणि ब्रेडेड लाइन, जिग, पॉपर, लीडर हे शब्द गावातल्या पोरांच्याही तोंडी बसलेत. पोरं त्यातून चार पैसे कमावतात. पर्यटकांना होडीतून नेतात, आमिष विकतात. याबद्दल माझी तक्रार नाही.

आता मित्रांच्या चिडण्याकडे येतो. ते म्हणतात, "पर्ससीनवाला माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं टाकून एका रात्रीत टनांनी ओढतो, ट्रॉलर तळ खरवडून काढतो, आणि तुला माझ्या एका गळाचं पडलंय?" या युक्तिवादातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. २०१९मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी साधारण २ लाख टनांवर आली. आदल्या वर्षीपेक्षा ती जवळपास एक तृतीयांशाने घटली होती आणि साडेचार दशकांतली ती नीचांकी होती. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी नौका बंदरातच अडकून पडल्या हे मान्य करूनही, एवढी घसरण गळवाल्यांनी घडवली असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा झगडा वर्षानुवर्षं पेटता आहे. २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, तरी तो विझलेला नाही. त्यात छंदी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे घर फोडणाऱ्याला सोडून पेरू चोरणाऱ्याच्या मागे धावणं. एवढं कबूल.

पण गळाने मासा संपतच नाही, हे मात्र खोटं आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास बघा. सत्तरच्या दशकाअखेर तो इतका खालावला की मेरीलँड राज्याने १९८५मध्ये त्याची मासेमारी सरसकट बंद केली. ती १९९०मध्ये उघडली आणि १९९५मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. पाठ थोपटून घेण्यासारखी गोष्ट होती. मग २०१९मध्ये नवी मोजणी आली आणि मासा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली सापडला. यावेळी बोट दाखवायला ट्रॉलर नव्हते. या माशाच्या मानवी हातून होणाऱ्या मरणातला जवळपास नऊ दशांश वाटा हौशी गळवाल्यांचा आहे. त्यातही मोठा हिस्सा पकडून पुन्हा पाण्यात सोडलेल्या आणि नंतर मेलेल्या माशांचा. सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात असं तिथे हिशेबात धरतात. शंभरात नऊ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सोडलेले मासे कोटींत असले की कळतं. शेवटी नियम असा झाला की किनाऱ्यावर एका माणसाने दिवसाला एकच मासा न्यायचा, तोही २८ ते ३१ इंचांमधला. त्याहून लहान सोडायचा, मोठाही सोडायचा. जगभराचा विचार केला तर २००४मधल्या एका अंदाजानुसार एकूण मासेमारीतला बारा टक्क्यांपर्यंतचा वाटा हौशी लोकांचा असावा.

स्ट्राइप्ड बासच्या त्या २८ ते ३१ इंचांच्या, दोन टोकांच्या मापात माझ्या मते खरी मेख आहे. आपले ५४ किमान आकार पिल्लांना वाचवतात, म्हणजे माशाला एकदा तरी अंडी घालू देतात. थोराड मादीबद्दल किमान आकार काहीच बोलू शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात आपल्याच चोणकासाठी, म्हणजे तिथल्या बारामुंडीसाठी, ५८ सेंटिमीटरच्या खालचा नको आणि १२० सेंटिमीटरच्या वरचा नको असा नियम आहे. पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे त्यांच्या पावसाच्या दिवसांत, तो धरायलाच बंदी. काकांचं "असोच" तिथे कायद्याच्या कलमात लिहिलंय, एवढाच फरक. व्यापारी जाळ्याला वरची मर्यादा पाळणं अवघड आहे, कारण जाळ्यातून निघालेला मासा बहुधा मेलेलाच असतो. गळवाल्याला ती सहज पाळता येते, मासा त्याच्या हातात जिवंत येतो. म्हणजे हा नियम छंदी माणसासाठीच जन्माला आल्यासारखा आहे.

सोडण्याबद्दल एक आडवळणाची गोष्ट. पकडून सोडायची पद्धत आपल्याकडे शहरी गळवाल्यांनी आणली, आणि गावात ती अजून अनेकांना रुचलेली नाही. "धरलंस तर खा, नायतर त्याच्या वाटेक जाव नको," असं मला एका रापणीवाल्याने सुनावलं होतं. त्यात नीती आहे. तरी मी सोडण्याच्या बाजूने आहे, पण ते करायचं तर नीट करावं. तापल्या खडकावर मासा पाच मिनिटं आपटू द्यायचा, कोरड्या हातांनी त्याच्या अंगाचा बुळबुळीत थर पुसून काढायचा, गलफड्यात बोट घालून उभा टांगायचा, व्हिडिओ होईपर्यंत थांबायचं आणि मग "सोडला हो" म्हणून पाण्यात फेकायचा, यापेक्षा काकांची काठी बरी. खोल पाण्यातून झपकन वर ओढलेल्या गोबऱ्याचा वाताशय फुगून पोट बाहेर येतं. तो सोडला तरी उलटा तरंगतो आणि घारीच्या तोंडी जातो. अशा माशाला सोडल्याचं पुण्य कोणी घेऊ नये.

मग परवान्याचं काय? रापणीवाले हसतात ते इथे. त्यांना ठाऊक आहे की आपल्याकडे कुठलाही कागद आला की तो आधी गरिबाच्या गळ्यात पडतो. दीड लाखाचा संच घेऊन आलेला माणूस ओळखीचा फोन लावून सुटेल. सापडेल तो खाडीच्या पुलावर हातदोरी घेऊन बसलेला पोरगा, किंवा ओहोटीला चिखलात उतरून मुळे आणि तिसऱ्या काढणारी बाई. ही भीती काल्पनिक नाही, म्हणून नियमाच्या पहिल्याच ओळीत सूट लिहायला हवी. हातदोरी, काठीची गरी, पाग (हाताने फेकायचं जाळं), शिंपल्या आणि कालवं काढणं, आणि किनाऱ्यावरच्या गावांत राहणारे मच्छीमार कुटुंबातले लोक, यांना काहीही लागू नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये अठराच्या खालच्यांना, पेन्शनवर जगणाऱ्यांना आणि आदिवासींना शुल्क माफ आहेच. आपल्याला सूट त्याहून रुंद ठेवावी लागेल, कारण आपल्याकडे पोटाची आणि हौसेची मासेमारी एकाच खडकावर, कधी कधी एकाच माणसात असते.

रेषा कुठे ओढायची? काही जण म्हणतात, रॉड आणि रील असेल तो छंदी. मला हे पटत नाही. आज कितीतरी गरीब मच्छीमार पोरांकडे जुना रॉड आहे, आणि ते त्यावर घर चालवतात. माझ्या मते रेषा विक्रीवर ओढावी. जो नोंदणीकृत मच्छीमार आहे तो विकेल, जो नाही त्याने विकायचं नाही. आता काय होतं? महिन्याला चांगला पगार घेणारा माणूस शनिवारी सात-आठ किलोची तांबोशी मारतो आणि खर्च निघावा म्हणून हॉटेलात देतो. हॉटेलवाल्याला "गळाचा ताजा मासा" हवाच असतो. त्या दिवशी त्याच हॉटेलात गावातल्या गरीवाल्याची तांबोशी पडेल भावात जाते. मासे कमी झाले की नाहीत हा वाद बाजूला ठेवला तरी हा अन्याय डोळ्यांना दिसतो. छंदाला विक्रीची वाट बंद केली की रोजची मर्यादाही आपोआप पाळली जाते. घरी खायला माणसाला किती लागतं? दोन चांगले मासे पुष्कळ झाले.

नोंदणीला पैसे लागलेच पाहिजेत असंही नाही. न्यूयॉर्क राज्यात समुद्रात गळ टाकायला नोंदणी सक्तीची आहे आणि ती फुकट आहे. तिथे सरकारला शुल्कापेक्षा माणसांची यादी हवी आहे. उद्या सर्वेक्षण करायचं तर कोणाला फोन लावायचा ते त्या यादीमुळे कळतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये नदी-तळ्यात गळ टाकायला परवाना लागतो, समुद्रात नाही. तरीही बास नावाचा मासा घसरला तेव्हा २०१५मध्ये तिथल्या हौशी लोकांवर आधी दिवसाला तीन माशांची आणि वर्षअखेरीच्या आत ४२ सेंटिमीटर किमान आकाराची अट आली. म्हणजे परवान्याशिवाय मर्यादा आणता येते. पण मर्यादा पुरली की नाही हे कळायला शेवटी माणसं मोजावीच लागतात, म्हणून मला न्यूयॉर्कचा मार्ग सरस वाटतो. आपल्याकडे तर मोबाइल क्रमांकावर दोन मिनिटांत नोंद होईल. कोणत्या खाडीत गळ टाकला, किती तास, काय नेलं, काय सोडलं, एवढे चार रकाने महिन्यातून एकदा भरले तरी तीन वर्षांत आपल्या खाड्यांबद्दल आजवर नव्हती अशी माहिती जमेल. खोटं भरतील, हे मान्य. मासेमाराने सांगितलेली लांबी कुठल्याही देशात थोडी ताणलेलीच असते.

अंमलबजावणीचा प्रश्न आला की सगळे खांदे उडवतात. एलईडीवाल्यांना पकडायला गस्ती नौका पुरत नाहीत, तर खडकावरच्या माणसाला कोण बघणार? प्रत्येक खडकावर शिपाई उभा करायची गरज नाही. सुरुवात तीन ठिकाणांहून करावी. गळाच्या स्पर्धा: तिथे मोठ्यात मोठ्या माशाला बक्षीस देणं बंद करावं आणि मापपट्टीवर फोटो काढून मासा सोडणाऱ्याला गुण द्यावेत. पर्यटकांना गळ टाकायला नेणाऱ्या होड्या: त्यांना आज तशीही कुठली ना कुठली परवानगी लागतेच, तिच्यात माशांची वही ठेवायची अट घालावी. आणि सामान विकणारी दुकानं: रॉड घेताना नोंदणीची माहिती आणि मापाची पट्टी हातात पडावी. या तीन दारांतून नव्या हौशी गळवाल्यांपैकी बरेच जण जातात. उरलेल्यांचं काम गावच करील. पर्ससीन दिसली की मालवणात किनाऱ्यावर किती वेळात गर्दी जमते ते मी पाहिलं आहे.

पावसाळ्याबद्दल मात्र मी मऊ नाही. नौकांना ६१ दिवस बंदी असताना खाडीच्या मुखाशी रॉड घेऊन उभं राहणं मला आता लाजिरवाणं वाटतं, आणि हे मी स्वतः केलं आहे. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच समुद्रात जायचा. कायद्याने तारीख अलीकडे आणली तरी भावना शिल्लक आहे. ती गळवाल्याने का पाळू नये? जून-जुलैत खाड्यांची मुखं हौशी गळासाठी बंद असावीत, निदान चोणकासाठी तरी. यावर "मग चढणीच्या माशांचं काय?" असा प्रश्न येतोच. पहिल्या पावसात ओढ्यात चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे टोपलीने मारायचा उत्सव कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे आहे, रायगडात त्याला वलगण म्हणतात. तो गोड्या पाण्याचा विषय, खातं वेगळं. पण खरं सांगायचं तर गाबोळीवरचा आपला जीव हीच यातली अवघड जागा आहे, आणि ती कुठल्याही अधिसूचनेने हलायची नाही. काकीला मी अजून तो मासा आणल्याबद्दल चूक होती असं सांगू शकलेलो नाही. तिच्या दृष्टीने तो त्या वर्षीचा सगळ्यात चांगला मासा होता.

राहता राहिला पैसा. फुकट नोंदणी पुरेल असं मी वर म्हटलं, पण शुल्क लावायचंच असेल तर न्यू साउथ वेल्सचं उदाहरण समोर ठेवावं. तिथे वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास शुल्क आहे आणि ते राज्याच्या तिजोरीत न जाता गळवाल्यांसाठीच्या वेगळ्या न्यासात जमा होतं. समुद्रासाठी हे शुल्क २००१मध्ये सुरू झालं. त्याच पैशातून व्यापारी मासेमारांना भरपाई देऊन २००२मध्ये तीस खाड्या आणि मुखं फक्त गळासाठी राखली गेली. आपल्याकडे मच्छीमाराला खाडीतून हटवणं मला मुळीच मान्य नाही, त्यांची ती बाजू आपण घेऊ नये. पण पैसा कुठे गेला हे गळवाल्याला डोळ्यांनी दिसलं, हा भाग घेण्यासारखा आहे. माझे दोनशे-पाचशे रुपये कर्ली खाडीतल्या कांदळवनावर, मुखाशी साचलेल्या प्लास्टिकवर किंवा एलईडी पकडणाऱ्या गस्ती नौकेच्या डिझेलवर खर्च झाल्याचा हिशेब दरवर्षी मालवणच्या जेट्टीवर फळ्यावर लागणार असेल, तर पहिली पावती माझी फाडा. आणि तो पैसा कुठल्या तरी सर्वसाधारण खात्यात जाऊन दिसेनासा होणार असेल, तर परवान्याविरुद्ध ओरडणाऱ्या माझ्या मित्रांच्या रांगेत मीही उभा असेन.